चौथ्या मात्रेवर डावा पाय

आई बोलायला लागली की चालायची थांबते, हे माझ्या लक्षात आलं ते भाजी आणायला गेलो तेव्हा. कोथरूडमधली आमची नेहमीची गल्ली ओलांडत होतो. मी सहज विचारलं, "मेथी घ्यायची का, की आहे घरात?" आणि ती उभी राहिली. गल्लीच्या मधोमध, रिकामी पिशवी हातात धरून. थोडं आठवलं, "परवाची निम्मी जुडी आहे, फडक्यात गुंडाळून ठेवलीय," असं नीट सांगितलं आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. मागे एक रिक्षा खोळंबून हॉर्न वाजवत होती. पलीकडे पोचल्यावर आई म्हणाली, "रस्त्यात काही विचारत जाऊ नकोस गं. पोचल्यावर विचार."

एवढंच झालं. घरी आलो, भाजी निवडली, जेवणं झाली, पण ते थांबणं काही डोक्यातून जाईना. ही तीच बाई, जी पोळ्या लाटता लाटता तव्यावरची पोळी उलटायची, रेडिओवरच्या गाण्यामागे गुणगुणायची आणि त्याच वेळी माझा एकोणतीसचा पाढा ऐकायची. मी चुकले की लाटणं न थांबवता चूक दाखवायची. तिला चालणं आणि मेथीची जुडी आठवणं ही दोन कामं एका वेळी जमेनाशी झाली कधी? पंच्याहत्तरी उलटली की गुडघे दुखणार, रात्री उठावं लागणार, चष्म्याचा नंबर बदलणार, हे आपण धरूनच चालतो. हे मी धरलं नव्हतं.

गुडघ्यांसाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीला मी हे सांगितलं. तिनं आईला दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि मध्येच विचारलं, "आजी, काल रात्री काय जेवलात?" आई टीव्हीसमोर थांबली. "मुगाची खिचडी," म्हणाली आणि मग पुढे निघाली. मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, हे आम्ही शिकतो पुस्तकात. स्वीडनमधल्या काही संशोधकांनी १९९७ साली हीच साधी गोष्ट तपासली होती. संस्थेत राहणाऱ्या ५८ म्हाताऱ्या माणसांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. बोलायचं म्हणून थांबणारे १२ निघाले आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही, नुसत्या गप्पा. तरुणपणी चालणं आपोआप होत असतं. वय वाढतं तसं पायांकडे, फरशीकडे, तोलाकडे मनाला लक्ष द्यावं लागतं, आणि त्यातच कुणी मेथीचं विचारलं की लक्षाला वाटे फुटतात. मग मेंदू एक काम थांबवतो. आईनं रस्त्यात थांबणं हे त्या दृष्टीनं शहाणपणच होतं, पण ते शहाणपण पुढे काय घडू शकतं याची खूणही होतं.

पडण्याबद्दल आमच्या घरात मोठ्यानं बोललं जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं पासष्टी ओलांडलेल्या साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, पण आम्हाला आकडा कशाला हवा? शेजारच्या इमारतीतल्या काकू, आईच्या भिशीतल्या, बाथरूमच्या दारात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं, पण त्या पुन्हा खाली उतरल्याच नाहीत. आई त्यांना बघून आली त्या दिवसापासून गच्चीवर जायची बंद झाली. मग समोरच्या देवळात जाणं कमी झालं. मग जिन्यावरून खाली बघत, "आज नको, ओलं असेल." पडण्याआधी पडण्याची भीतीच माणसाला घरात बसवते, आणि बसून राहिल्यानं पाय आणखी कमजोर होतात. हे माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मी ठिकठिकाणी धरायच्या दांड्या बसवून घेण्यापलीकडे काही करत नव्हते, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये संगीतावरचे व्यायाम चालतात हे अशातच कळलं. पहिल्यांदा गेलो तो वर्ग मंगळवारचा, एका उत्साही तरुण मुलाचा होता. कोपऱ्यात कमरेएवढा स्पीकर, त्यावर सिनेमातल्या गाण्यांची एकामागून एक जोडलेली मालिका, खालून सतत ठोके देणारी. तो समोर उभा राहून हात वर, हात बाजूला, पाय पुढे, पाय मागे करून दाखवायचा आणि तीस-चाळीस म्हातारी माणसं त्याच्याकडे बघून तसंच करायची. मनापासून सांगते, खूप जण आनंदात होते. केसांत गजरा माळून आलेल्या एक आजी तर नुसत्या तेवढ्या तासासाठी दोन बस बदलून यायच्या. त्यांचा आनंद खोटा म्हणायचा मला काहीच अधिकार नाही. पण मी मागच्या खुर्चीवर बसून पाय बघत होते. गाण्याची लय इतकी जलद होती की कुणाचेच पाय तिच्यात पडत नव्हते. सगळे डोळ्यांनी शिकवणाऱ्याच्या मागे जात होते, कान मोकळेच होते. मोकळे तरी कसले, श्रवणयंत्र लावलेल्या दोघांनी पहिल्याच गाण्यात ती काढून खिशात टाकली होती. आईचा हात जरा वर गेला की माइकमधून आवाज यायचा, "व्वा आजी, किती क्यूट!" आई हसली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "गाणं होतं, पण माझ्याशी त्याचं काही काम नव्हतं."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात घोळवलं असेल.

त्याच हॉलमध्ये शनिवारी सकाळी दुसरा वर्ग भरतो. तो एक निवृत्त संगीतशिक्षिका घेतात. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांच्यासोबत तबल्यावर एक कॉलेजातला मुलगा आणि वर्गाच्या कडेनं फिरत, सगळ्यांच्या घोट्यांवर नजर ठेवून असलेली एक फिजिओथेरपिस्ट. वर्ग सुरू व्हायच्या आधी सतरंज्या गुंडाळून बाहेर ठेवल्या जातात, कारण पाय अडकतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या घसरतात म्हणून भिंतीला टेकवून लोखंडी खुर्च्या मांडतात. चपला काढायच्या नाहीत, पण सपाता चालणार नाहीत, मागून पट्टा हवा. काठ्यांची रबरी टोकं उलटी करून तपासली जातात, झिजलेली असतील तर बदलून आणायची. बायका साडी घोट्याच्या वर दोन बोटं खोचतात. खोलीत बामाचा, खोबरेल तेलाचा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या सोनचाफ्याचा वास असतो. मुलगा हातोडीनं तबल्याच्या गठ्ठ्यांवर ठोकत सूर मिळवत असतो, आणि तेवढ्यानंच काही जण सरळ होऊन बसतात.

पहिल्या दिवशी बाईंनी केरवा ताल धरायला सांगितला. आठ मात्रा, एका मात्रेला एक पाऊल, गोल रिंगणात चाला. जोराची मात्रा आली की टाळी. सगळ्यांना जमलं. मग त्या म्हणाल्या, "आता दादरा." हा ताल सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर खाली, म्हणजे हात उघडा. पाऊल उजव्यानं सुरू करा. रिंगण निघालं आणि दोन आवर्तनांतच, म्हणजे बारा पावलांतच, गोंधळ. कुणाची टाळी पुढे, कुणाचा पाय मागे. माझी आई चौथ्या मात्रेला दर वेळी जरा लंगडायची. बाईंनी तबला थांबवला आणि सगळ्यांना विचारलं, "केरव्यात जोर कुठल्या पायावर येत होता?" कुणालाच सांगता येईना. मागच्या ओळीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते इतका वेळ टाळ्या न वाजवता नुसतं मोजत होते. ते म्हणाले, "पहिली आणि पाचवी. दोन्ही विषम आकडे. दोन्ही वेळा उजवाच पाय." "आणि दादऱ्यात?" "पहिली उजव्यावर, चौथी डाव्यावर."

आईचा डावा गुडघा जास्त दुखतो. गेली कित्येक वर्षं ती भार उजव्यावर ठेवूनच चालतेय, इतकी सवयीनं की मलाही तो तिच्या चालण्याचाच एक भाग वाटायला लागला होता. केरव्यात ते झाकलं जात होतं. दादरा दर सहा पावलांनी एकदा तिच्या डाव्या पायाला हाक मारत होता. फिजिओथेरपिस्ट तिच्याजवळ आली, कमरेजवळ हात धरला, आणि बाईंनी लय उतरवली. अगदी संथ. धा… धी… ना… आणि चौथ्या मात्रेला आईनं डाव्या पायावर सगळा भार दिला, हात उघडला, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या पायाच्या सुजलेल्या बोटांची पेरं चपलेत दाबून पांढरी झालेली मला दिसली. मी तिला व्यायाम करताना कितीदा बघितलं होतं: पाय उचला दहा वेळा, पाच मोजून धरा, सोडा. ती बिचारी सांगितलं म्हणून करायची. इथे मात्र तिला चुकायचं नव्हतं, कारण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकणं तिला सहन होत नाही. लहानपणी तिच्या घरी भजनाची पेटी होती.

संगीतावर व्यायाम म्हणजे कंटाळा येऊ नये म्हणून मागे गाणी लावायची, अशी माझी समजूत होती. बाईंच्या वर्गात गाणं मागे नसतंच. तबला प्रश्न विचारतो आणि पायांनी उत्तर द्यायचं असतं. मध्येच तो थांबतो, मग जिथे असाल तिथे स्थिर, जमेल त्यानं एक टाच उचलून, बाकीच्यांनी खुर्चीच्या पाठीला एक बोट लावून. दुगुन, म्हणजे लय दुप्पट, झाली की पावलं लहान. नुसता डग्गा वाजला की वळायचं, आणि वळताना एका जागी गिरकी घ्यायची नाही, चार लहान पावलांत वळायचं. ते वळणंच सगळ्यात धोक्याचं. हातात टेनिसचा चेंडू असतो, समेवर तो शेजारच्याच्या हातात जायला हवा. कान, हात, पाय, शेजारी, सगळं एका वेळी. मेंदूला जे नको असतं नेमकं तेच, पण लय हाताला धरून करून घेते.

ही पद्धत बाईंची स्वतःची नाही, हे त्यांनीच सांगितलं. एमिल झाक-दालक्रोझ नावाचे एक स्विस संगीतकार १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवायचे. त्यांना दिसलं की विद्यार्थी वाजवतात अचूक, पण लय त्यांच्या अंगात नाही. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना उठवून चालायला लावलं. स्वतः पियानोवर बसून आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायचं, मध्येच लय बदलायची, आणि मुलांनी चालीतून ते दाखवायचं. मुलांसाठी निघालेली ही गोष्ट शंभर वर्षांनी त्याच जिनिव्हात म्हाताऱ्या माणसांसाठी वापरून बघितली गेली. पासष्टीपुढची, पडण्याचा धोका असलेली १३४ माणसं, त्यात बायकाच जास्त. आठवड्यातून एकदा एक तास, सहा महिने, पियानोच्या साथीनं. २०११ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. चालताना दुसरं काम करायला सांगितलं तरी त्यांची चाल आधीइतकी बिघडेना, आणि वर्गाला जाणाऱ्यांचं पडणं न जाणाऱ्यांच्या जवळपास निम्म्यावर आलं. आठवड्यातून एकच तास! मला या सगळ्यात भावली ती पियानोवाल्याची जागा. स्पीकरला समोरच्या माणसाचा गुडघा दिसत नाही. तबल्यावरच्या मुलाला दिसतो. आईचा पाय जड पडला की तो मात्रा जराशी लांबवतो, कुणाला कळूही न देता, आणि दोन आवर्तनांत तिला परत लयीत आणून सोडतो.

वर्ग बघता बघता मला सासवडचे माझे आजोबा आठवले. दिवेघाट चढून माउलींची पालखी सासवडला यायची तेव्हा आम्ही मुलं रस्त्याच्या कडेला उभी असायचो. आजोबा तेव्हा सत्तरीचे, पाठीत वाकलेले, घरात दोन पायऱ्या उतरताना चौकटीला धरणारे. दिंडीत पखवाज सुरू झाला की ते टाळ घेऊन पावलीत शिरायचे. पावलं पुढे, मग मागे, मध्ये एक झोका, वाकणं, उठणं, टाळांचा ठेका चढत जायचा, आणि समोरासमोरच्या दोन रांगा एकमेकींच्या जवळ येऊन परत मागे सरायच्या. मुखानं अभंग चालूच. आजी काळजीनं म्हणायची, "घरात धड चालवत नाही आणि तिथे बघा." आम्हाला ती भक्ती वाटायची. ती होतीच. पण आता वाटतं, पुढे-मागे, डावं-उजवं, वाकणं-उठणं, मुखात शब्द, हातात टाळ, बाजूच्याशी जुळवून घेणं, हे सगळं तो माणूस दरवर्षी करत होता आणि एकादशीच्या भजनात अधूनमधूनही करत होता. त्यांच्या पायांना त्या ठेक्याची ओळख आयुष्यभराची होती. दारची चौकट धरणाऱ्या माणसाला पखवाजाचा आधार चौकटीपेक्षा पक्का वाटत असेल तर त्यात नवल नाही.

वर्गात एक गृहस्थ पत्नीसोबत येतात. त्यांना पार्किन्सन्स आहे. हॉलच्या दारात, जिथे फरशीचा रंग बदलतो, तिथे त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. चेहऱ्यावर इच्छा असते, पाय निघत नाहीत. मागून येणारे आपोआप थांबतात, कुणी ढकलत नाही, कुणी "चला चला" करत नाही, हे इथे सगळ्यांना शिकवून ठेवलंय. मग तबल्यावरचा मुलगा साधा ठेका धरतो, त्यांची पत्नी कानाशी "धा" म्हणते आणि पाय उचलला जातो. आतून येणारी चालीची सूचना अडली की बाहेरून दिलेला ठेका तिची जागा घेतो. मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांना ठेक्यावर चालवून याचा अभ्यास मांडला होता. आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्स झालेल्या मंडळींना अनेक वर्षं नृत्य शिकवत आलेत, आणि पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या लोकांकडून त्याबद्दल ऐकताना दर वेळी एकच गोष्ट जाणवते: तिथे त्यांना कुणी रुग्ण म्हणून वागवत नाही, नर्तक म्हणून वागवतात. मला हे औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. औषध बंद करा असं कुणी म्हणत नाही, ते वेळच्या वेळी लागतंच.

आणि श्रावणात झालेली एक गोष्ट सांगायलाच हवी. बाईंनी विचारलं, झिम्मा कुणाला येतो? हात सगळ्यांचेच वर जायला हवे होते, त्या पिढीतली कुठली बाई झिम्मा खेळली नसेल? पण तीन-चारच गेले. आईचाही गेला नाही. नंतर कळलं, ज्यांचे हात खाली राहिले त्यातल्या बहुतेक जणी विधवा होत्या. मंगळागौरीला त्यांना कुणी आता बोलवत नाही, बोलावलं तर फराळाला, खेळायला नाही. बाबा गेल्यापासून आईनं फेर धरला नव्हता. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "इथे पूजा नाही, गौर नाही. इथे व्यायाम आहे. समोरासमोर उभ्या राहा." टाळी स्वतःची, टाळी समोरचीची, उजवी, डावी, कंबर, पाऊल मागे. आईच्या हातांना सगळं आठवत होतं. तिच्या समोर गजरेवाल्या आजी होत्या, मंगळवारच्या वर्गातून शनिवारीही यायला लागलेल्या. दोघींच्या टाळ्या इतक्या स्वच्छ पडायला लागल्या की तबल्यावरच्या मुलानं तबला थांबवला आणि त्यांच्या टाळीमागून तो शिरला. मला आनंद झाला आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. इतकी वर्षं हे हात कशासाठी बाजूला बसवले होते? आमच्या घरच्या मंगळागौरीत आई स्वयंपाकघरात भाजणीचे वडे तळत होती आणि मी बाहेर फुगड्या घालत होते, तो प्रसंग मला आता सरळ आठवता येत नाही.

मग फुगडीची मागणी आली. फिजिओथेरपिस्टनं ठाम नकार दिला. गिरकीनं चक्कर येते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, मनगटं ठिसूळ, हात सुटला तर मागे डोकं आपटेल. बायकांनी खूप हुज्जत घातली. शेवटी तोड निघाली: हात तसेच तिढा घालून धरायचे, पाय जुळवायचे, पण फिरायचं नाही, दादऱ्यावर मागे रेलायचं आणि पुढे यायचं. दोघींचं वजन एकमेकींवर. त्या व्यायामाला आता वर्गात 'बिनगिरकीची' म्हणतात आणि पुरुषही तो करतात. बँकवाले काका सुरुवातीला हात द्यायला तयार नव्हते. त्यांना टाळ्या वाजवणं, गाणं, हात धरणं हे सगळंच बायकी वाटायचं, तसं ते बोललेही. पण हिशोब त्यांना सोडवत नाही. कुठल्या तालात कुठल्या पायावर जोर येतो याची त्यांनी वहीच केली आहे, आणि वहीत लिहिलेलं खरं आहे का ते बघायला त्यांना चालून बघावंच लागतं.

हल्ली बाई चालता चालता मराठी महिने उलटे म्हणून घेतात. एका आवर्तनाला एक. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष… आश्विनाच्या पुढे भले भले अडकतात, पण अडकले तरी पाऊल पडतच राहतं. मी मुद्दाम आईकडे बघत असते. ती भाद्रपदापाशी आठवायला लागते, भुवया वर जातात, आणि पाय मात्र दादऱ्यात चालू. परवा ती श्रावण विसरली, थेट आषाढावर गेली, पण थांबली नाही. फिजिओथेरपिस्टनं लांबूनच माझ्याकडे बघून मान हलवली.

यातून सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. हाडं ठिसूळ झाली असतील तर त्याला गोळ्या आणि ऊन लागतं, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लागतं, बाथरूममध्ये दिवा आणि कोरडी फरशी लागते. वर्गातल्या एक आजी छान चालायला लागल्या होत्या आणि रात्री झोपेच्या गोळीच्या अमलात उठून पडल्या. मनगटाला प्लास्टर घालून त्या पुढच्या शनिवारी येऊन खुर्चीवर बसल्या आणि पायांनी ठेका धरला. नाचणाऱ्यांना विस्मरणाचा आजार कमी होतो, असं अमेरिकेतल्या एका २००३ सालच्या अभ्यासाचा दाखला देऊन लोक सांगतात. त्यात नाच आणि विस्मरणाचा संबंध दिसला हे खरं, पण जे मुळात ठणठणीत होते तेच नाचायला जात असतील, हीही शक्यता आहे. आईच्या बाबतीत मला तेवढं मोठं आश्वासन नकोच आहे. गच्चीवर गव्हाचं वाळवण घालायला ती स्वतः जाऊन आली, एवढं मला पुरे आहे.

गेल्या महिन्यात संघाच्या कार्यकारिणीत विषय निघाला: तबलावादकाला मानधन द्यावं लागतं, त्यापेक्षा ताल रेकॉर्ड करून स्पीकरवर लावता येणार नाही का? पैशांचा प्रश्न खोटा नव्हता. वर्गणी वाढवली तर पेन्शन नसलेल्यांना जड जातं. फोनवरच्या ॲपमध्ये सगळे ताल मिळतात, हेही कुणीतरी दाखवलं. मी सभासद नाही, आईला सोडायला गेले म्हणून कडेला बसले होते, तरी मला राहवलं नाही. मी म्हटलं, ॲपला थांबता येतं, पण केव्हा थांबायचं ते कळत नाही. यावर अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला म्हणायचंय ते कळतंय हो, पण हिशोब कोण देणार?" तेव्हा बँकवाले काका उठले आणि वही उघडली. एका खुब्याच्या ऑपरेशनला खासगी रुग्णालयात किती खर्च येतो हे त्यांनी आपल्याच मेहुणीच्या बिलावरून वाचून दाखवलं आणि तेवढ्यात तबलावादक किती वर्षं येईल तेही. ज्यांना जमेल त्यांनी जास्त द्यायचं, ज्यांना जमणार नाही त्यांना विचारायचं नाही, असं ठरलं. मंगळवारचा स्पीकरचा वर्गही तसाच राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. फक्त आवाज कमी करायचा आणि गाणी संथ निवडायची, हे त्या तरुण शिक्षकानंही मान्य केलं. शनिवारी तोही येऊन मागे बसतो आता.

पुढच्या महिन्यापासून बाई रूपक ताल घेणार आहेत. सात मात्रा, आणि त्यात समेलाच खाली. आई धास्तावली आहे, संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला एक हात लावून सात-सात पावलं मोजत असते. आवर्तन विषम, म्हणजे सम एकदा उजव्या पायावर आणि एकदा डाव्या, कुणालाच एका पायावर विसंबता येणार नाही. काकांनी वहीत मांडून सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की घाबरू नका, चौदा पावलांनी सम परत उजव्यावर येते.